कोचीचा मरीना सोडायचाय? आधी जेट्टी सोडा, प्रवासाला दुसऱ्या दिवशी निघा

पहिल्यांदा कोचीहून बोट घेऊन उत्तरेला निघालो तेव्हा निरोप द्यायला सगळा मरीना (खासगी बोटी उभ्या करायची जागा) जेट्टीवर आला होता. सगळा म्हणजे आठ-दहा माणसं, पण त्यांनी केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या दिल्या, दोन शहाळी दिली, फोटो काढले, मी पण हात हलवत एकदम रुबाबात निघालो आणि अर्ध्या-पाऊण तासात फोर्ट कोची आणि वैपिनच्या मधे, जिथे गाड्या वाहून नेणारी रो-रो फेरी सारखी आडवी जात असते, बरोब्बर तिथे इंजिनचा टेम्परेचर अलार्म बोंबलायला लागला. बोट तीन महिने जागची हलली नव्हती आणि समुद्राचं पाणी आत घ्यायच्या नळीत कालवांनी संसार थाटला होता. जेट्टीवर दहा-दहा मिनिटं इंजिन चालवून बघायचो तेव्हा तेवढं पाणी पुरत होतं, जोर लावल्यावर पुरेना. इंजिन बंद केलं, पुढचं शीड उघडलं, ओहोटी आणि थोडासा मतलई वारा यांच्या कृपेने चॅनलच्या कडेला सरकलो, नांगर टाकला आणि पुढचा दीड तास बिल्जमधे (बोटीच्या तळाचा, पाणी साचतं तो भाग) डोकं घालून स्क्रू ड्रायव्हरने नळी खरवडत बसलो. वरून डॉल्फिन गेले म्हणे, मी नाही पाहिले.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे आणि हा सगळा लेख त्या नियमाभोवतीच आहे: मरीना सोडणं आणि प्रवासाला निघणं ही दोन कामं एका दिवशी करायची नाहीत. आज दुपारी जेट्टी सोडायची, हार्बरमधेच नांगरावर एक रात्र काढायची, आणि उद्या उजाडताना समुद्रात जायचं. बाकी तयारीच्या याद्या सगळीकडे मिळतात, ही एक रात्र कोणी सांगत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोचीचा मरीना बोल्गाट्टी बेटावर आहे, केरळच्या पर्यटन महामंडळाचा, २०१० साली सुरू झाला, आणि शेजारी १७४४ मधे डचांनी बांधलेला बोल्गाट्टी पॅलेस, ज्याचं आता हॉटेल झालंय. समोर एर्नाकुलमचा मरीन ड्राइव्ह. पाणी शांत, जेट्टीवर वीज-पाणी, रात्री झोपताना नांगर घसरेल का ही काळजी नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा जागा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे होतं काय की माणूस चार दिवसांसाठी येतो आणि चार महिने राहतो. शेजारच्या बोटीवाल्याशी चहा, संध्याकाळी वॉटर मेट्रोने वैपिनला चक्कर, रात्री कोणाकडे तरी मीन करी. आणि तिथला रात्रपाळीचा चेट्टन (तिकडे मोठ्या भावाला चेट्टन म्हणतात, हाक मारताना चेट्टा), तो तर माझ्या बोटीच्या दोऱ्या माझ्यापेक्षा जास्त वेळा तपासायचा. "उद्या निघू" हे वाक्य मी तिथे किती वेळा म्हटलं असेल देव जाणे.

आधी तारीख, मग सगळं

उत्तरेला यायचं तर डिसेंबर ते मार्च हा काळ सगळ्यात बरा. याची दोन कारणं. एक म्हणजे थंडीत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, फार नाही पण फुकटात मिळतंय ते घ्यायचं. पावसाळ्यात तोच प्रवाह उलटा. दुसरं म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं मागे पडलेली असतात. ओखी आठवतंय ना, २०१७ च्या नोव्हेंबर-अखेरीस केरळच्या समोर आलं आणि तिकडचे शेकडो मच्छीमार बोटींसकट वाहवत आपल्या देवगडच्या बंदरात येऊन पोचले होते. ती माणसं जन्मापासून समुद्रावर असलेली होती, आपण शनिवार-रविवारवाले. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुद्धा मी जरा थांबूनच असतो.

एप्रिल-मे मधे निघणार असाल तर अजून एक गोष्ट, कळ्ळकडल. केरळच्या मच्छीमारांचा शब्द आहे, अर्थ साधारण चोर-समुद्र. कुठेतरी पार दक्षिणेला, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ होतं आणि त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी इथे येऊन थडकतात. इकडे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) याची आगाऊ सूचना देतं. विंडी वगैरे ॲप बघताना नुसता वारा बघू नका, स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) आणि त्याचा पिरियड (दोन लाटांमधला वेळ) पण बघा. दोन मीटर स्वेल सहा सेकंदांचा आणि दोन मीटर सोळा सेकंदांचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि उथळ तोंडाच्या बंदरात शिरताना तो सोळावालाच जास्त घातक.

तारीख ठरवली की ती ऑफिसात सांगा, शेजाऱ्यांना सांगा. आणि घरच्यांना सांगू नका, त्यांना "१२ ते १५ च्या मधे" असंच सांगा, कारण घरी कोणी वाट बघत असलं की माणूस वाईट हवेत निघतो. हे मी स्वतः केलेलं आहे.

दहा दिवस आधी: बोटीच्या खाली जा

कोचीचं पाणी ना धड खारं ना धड गोडं. त्यात बोट उभी राहिली की तळाला शेवाळ, बार्नॅकल, कालवं सगळं भराभर चढतं. मी एकदा सहज मोजलं होतं, स्वच्छ तळाने २,२०० आरपीएमला साडेपाच नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) जाणारी बोट अडीच महिन्यांनी त्याच आरपीएमला चारला आली. म्हणजे १६ तासांचा पल्ला २२ तासांचा, आणि डिझेल वेगळं. तळ पूर्ण घासायला माणूस मिळतो, पण प्रॉपेलर आणि पाण्याची भोकं स्वतः बघा. मी पाण्यात उतरलो तर दोन हातांवरचं दिसेना, सगळं चाचपूनच करावं लागलं. प्रॉपेलरच्या पात्यावर बोटं फिरवली तर किसणीवर फिरवल्यासारखं लागत होतं. पट्टीची पटाशी घ्या, जाड हातमोजे घाला नाहीतर रात्री जेवताना मिठाला हात लावता येणार नाही. शाफ्टवरचा (प्रॉपेलर फिरवणारा दांडा) झिंक ॲनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, बघा, अर्ध्याहून कमी उरला असेल तर बदला.

मग आतून: सी-कॉक (तळाच्या भोकांवरची पाण्याची तोटी) प्रत्येक उघडून-बंद करून बघायचा. जाम झालेला सी-कॉक जेट्टीवर असताना कळला तर ते काम, बाहेर कळला तर संकट. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर काढून बघा, रबराची पाती वाकडी राहिली असतील किंवा मुळाशी चीर असेल तर नवीन घाला, जुना स्पेअर म्हणून ठेवा. गाळणी साफ. गाळणीच्या आधीची नळी सुद्धा. वर सांगितलेला माझा किस्सा त्या नळीचाच, गाळणी मी चकचकीत ठेवली होती!

आणि मग जेट्टीला बांधलेल्या बोटीवरच अर्धा तास गिअर टाकून इंजिन चालवायचं. दोऱ्या डबल करा, शेजाऱ्याला सांगा, पुढे १,५०० आरपीएमवर ठेवा. नुसतं न्यूट्रलमधे घरघर करून काही कळत नाही.

डिझेलचं गणित सोपं आहे. माझं ३० एचपीचं इंजिन तासाला अडीच लिटर पितं. कोची ते बेपोर (कोझिकोडजवळचं बंदर) ७७-७८ सागरी मैल, पाच नॉटने १६ तास, म्हणजे ४० लिटर. त्यावर निम्मं अजून, म्हणजे ६०. थेट मंगळूरला जाणार असाल तर १९० मैल, ३८ तास, ९५ लिटर आणि वरचं धरून १४० पर्यंत. आता कोणी म्हणेल शिडाची बोट आहे ना मग इतकं डिझेल कशाला, तर दादा, जानेवारीत या किनाऱ्यावर सकाळी दहा ते बारा समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा असतो. मी अर्धा वेळ इंजिन धरूनच चालतो. डिझेल पंपावरून कॅनमधे आणावं लागतं, ते टाकीत ओतताना बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता, आणि टाकीच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. खाली पाणी किंवा काळा गाळ बसला तर दोन फिल्टर जास्तीचे घ्या. शांत पाण्यात हा गाळ तळाला झोपलेला असतो, पहिल्या लाटेला उठतो.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. २६/११ ला अतिरेकी 'कुबेर' नावाचा ट्रॉलर पळवून आले त्यानंतर किनाऱ्यावर प्रत्येक अनोळखी बोटीकडे संशयाने बघितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. भारतीय बोट असेल तर रजिस्ट्रेशन, विमा, व्हीएचएफ रेडिओचं लायसन्स, सगळ्यांची ओळखपत्रं, यांच्या झेरॉक्सचे पाच-सहा सेट करून वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा. निघण्याआधी मरीनाच्या ऑफिसला, पोर्ट कंट्रोलला आणि कोस्टल पोलिसांना माणसं किती, बोट कोणती, पुढचा मुक्काम कुठे हे लेखी द्या आणि त्याच्यावर शिक्का घ्या. मला एका बंदरात, नाव नको, तीन तास बसवून ठेवलं होतं आणि शेवटी त्या शिक्क्याच्या कागदानेच सुटका झाली. शिडाची बोट हा प्रकारच तिथे कोणी पाहिला नव्हता, "मासे पकडत नाही, माल नेत नाही, मग कशाला चाललात" हा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

बोट परदेशी झेंड्याची असेल तर कस्टम्स, इमिग्रेशन, पोर्ट क्लिअरन्स हे प्रत्येक बंदराला नव्याने, तिथे एजंट धरा आणि चार-पाच दिवस हाताशी ठेवा. आणि एक महत्त्वाचं, थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही, खिशातले छोटे सॅटेलाइट मेसेंजर घेऊन आलेले परदेशी पर्यटक यात अडकलेले आहेत. बाहेरून बोट घेऊन येणारे नातेवाईक-मित्र असतील तर त्यांना हे आधीच सांगा. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र) ठेवा, त्याची नोंदणी बंगळूरच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे होते.

देणी-घेणी

बिल एक दिवस आधी भरून टाका, डिपॉझिट असेल तर पावती मागा. उसनं घेतलेलं सगळं परत करा, पाने, होज, एक्स्टेन्शन कॉर्ड, कोणाच्या तरी घरचा डबा. डबा रिकामा परत करायचा नाही हे आपल्याकडचंच तिथेही आहे, मी त्यात आईने पाठवलेले बेसनाचे लाडू भरले होते. चेट्टनच्या हातात पैसे ठेवायला गेलो तर घेईना. मग त्याच्या मुलासाठी म्हणून दिले, तेव्हा घेतले. हे सगळं आदल्या दिवशी. निरोपाचा चहा पण आदल्या दिवशी. का, तर जेट्टीवर दोऱ्या सोडताना तुमच्याशी कोणी बोलत असेल तर तुम्ही हमखास काहीतरी विसरणार. मी शोअर पॉवरची, म्हणजे जेट्टीवरून वीज घ्यायची, केबल लावलेली असताना बोट मागे घेणारे लोक पाहिलेत. केबल आधी खांबावरून काढायची, मग बोटीवरून, हा क्रम पाठ करा, उलटं केलं तर जिवंत टोक हातात राहतं आणि खाली पाणी.

जेट्टी सोडायचा दिवस

वेळ: दुपारची भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी. कोचीला भरती-ओहोटीतला फरक फार नाही, उधाणाला सुद्धा मीटरभर, आपल्या मुंबईच्या चार-पाच मीटरसमोर काहीच नाही. पण खाली चिखल असल्यामुळे तेवढा मीटर मोलाचा. माझ्या बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १.६ मीटर, ओहोटीला मी कील (बोटीचा सगळ्यात खालचा भाग) चिखलात रुतवूनच उभा असायचो आणि मला ते कळायचं पण नाही, कारण बोट हलायची थांबायची एवढंच. भरती चढत असताना निघालात आणि कुठे टेकलात तर पाणी अजून वाढणार असतं, आपोआप सुटता. उतरत्या पाण्यात टेकलात तर सहा तास बसा.

दोऱ्या. जास्तीच्या सगळ्या आधी सोडून गुंडाळून ठेवा, चारच ठेवा: पुढची, मागची आणि दोन स्प्रिंग (बोटीला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या तिरक्या दोऱ्या). यातली शेवटी सुटणारी जी असेल ती स्लिप करून घ्या, म्हणजे दोरी बोटीवरून जेट्टीच्या क्लीटला (दोरी बांधायचा खुंट) वळसा घालून परत बोटीवर. तिच्या टोकाला गाठ किंवा लूप असता कामा नये, नाहीतर नेमकं क्लीटमधे अडकतं. तीन महिने उन्हात राहिलेली दोरी काठीसारखी कडक होते, आदल्या दिवशी गोड्या पाण्यात भिजवून ठेवली तर मऊ पडते.

दुपारी खारा वारा वाहत असतो, तो तुम्हाला जेट्टीवर दाबत असेल तर ढकलून काही होत नाही. तेव्हा पुढच्या स्प्रिंगवर बोट फिरवायची: बोटीच्या पुढच्या टोकापासून मागे जेट्टीकडे जाणारी दोरी ठेवा, बाकी सगळ्या सोडा, पुढच्या कोपऱ्यात सगळ्यात जाड फेंडर (धक्का झेलणारी फुगीर उशी) अडकवा, सुकाणू जेट्टीच्या दिशेला वळवा आणि हळू पुढचा गिअर. बोट पुढे जाऊ शकत नाही म्हणून तिची शेपटी वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर सरकते. ४०-४५ अंश बाहेर आली की न्यूट्रल, रिव्हर्स, स्प्रिंग ओढून घ्या, सरळ मागे. पहिल्यांदा करताना अंगावर काटा येतो, दुसऱ्यांदा गंमत वाटते. एक लक्षात असू द्या, बहुतेक बोटींचा प्रॉपेलर उजवीकडे फिरणारा असतो, रिव्हर्स टाकला की सुरुवातीला शेपूट डावीकडे ओढली जाते. तुमची कुठे जाते हे रिकाम्या पाण्यात आधी बघून ठेवा.

दोरीची कामं करणाऱ्याला एकच सूचना: हात क्लीट आणि दोरीच्या मधे घालायचा नाही, बोट ठोकली तर ठोकू दे. जेलकोट (बोटीचा बाहेरचा थर) दुरुस्त होतो.

मधली रात्र

आता ही ती रात्र. परदेशी बोटी कोचीत आल्यावर क्लिअरन्ससाठी विलिंग्डन बेटाच्या टोकाला, ताज मलबार हॉटेलच्या समोर नांगर टाकतात, ही जागा सगळ्यांना माहीत आहे. आपण पोर्ट कंट्रोलला व्हीएचएफवर १६ नंबरला बोलावून, ते सांगतील त्या चॅनलवर जाऊन, एका रात्रीसाठी कुठे थांबू हे विचारायचं आणि ते सांगतील तिथे थांबायचं. नौदलाचा भाग आहे, मोठी जहाजं फिरतात, स्वतःच्या मनाने नाही. खाली चिखल, नांगर छान धरतो, पण ओहोटीचा ओढा चांगला असतो म्हणून खोलीच्या पाचपट साखळी सोडा आणि रिव्हर्समधे ओढून बघा.

मग काही करू नका. म्हणजे बोट बघत बसा. जेट्टीवर न कळणाऱ्या सगळ्या गोष्टी इथे कळतात. बॅटरी शोअर पॉवरशिवाय रात्र काढते का. नांगराचा दिवा लागतो का. फेरीच्या लाटेने कपाटातलं काय काय पडतं (आमच्याकडे लोणच्याची बरणी, वास अजून आहे). बिल्ज पंप किती वेळा सुरू होतो.

माझा दुसऱ्या वेळी दर वीस मिनिटांनी सुरू होत होता. टॉर्च घेऊन खाली गेलो तर शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाण्याची धार, पेन्सिलीएवढी नाही पण थेंब म्हणता येणार नाही अशी. महिनोन्महिने न फिरलेला शाफ्ट तासभर फिरला आणि आतलं वाळलेलं पॅकिंग (फट बुजवणारी दोरी) निघालं. नट आवळून बघितला, धार कमी झाली पण शाफ्ट गरम व्हायला लागला, म्हणजे हात ठेवून पाच सेकंद राहवेना. रात्रीचे साडेआठ. चेट्टनला फोन केला, माझं हिंदी आणि त्याचं हिंदी, शेवटी "ग्लँड" हा एक शब्द दोघांना कळला. तासाभरात तो कोणाच्या तरी छोट्या होडीतून ग्लँड दोरीचं भेंडोळं घेऊन हजर. आम्ही दोघांनी जुनी दोरी वाकड्या खिळ्याने उकरून काढली, पाणी भसाभस आत येत होतं आणि तो शांतपणे कापडाने भोक दाबून मला दोरी तिरकी कापायला सांगत होता. तीन वेढे, प्रत्येकाचा जोड वेगळ्या बाजूला. नट हाताने घट्ट आणि मग अर्धा फेरा. इंजिन चालू असताना मिनिटाला चार-पाच थेंब पडले पाहिजेत, एकही पडत नसेल तर ते जास्त वाईट, शाफ्ट जळतो. हेच बेपोरच्या वाटेवर पहाटे तीनला झालं असतं तर?

त्या रात्री घरच्या माणसाला प्लॅन पाठवा. एकाच माणसाला, ज्याचं डोकं शांत असतं त्याला. त्यात बोटीचा फोटो, शिडाचा रंग, कोण कोण आहे, कुठून कुठे, कधी पोचणार, आणि मुख्य म्हणजे "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं". आम्ही लिहितो: ठरलेल्या वेळेनंतर सहा तास थांब, मग कोस्ट गार्डला १५५४. किनाऱ्यालगत काही असेल तर कोस्टल पोलिसांचा १०९३. मोबाईलला किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर रेंज बेभरवशाची, म्हणून ते सहा तास.

पहाट

अंधारात निघू नका. कोचीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना चिनी जाळी, पहाटे बाहेर पडणाऱ्या फायबरच्या होड्या, ट्रॉलर, फेऱ्या. जरा दिसायला लागलं की नांगर उचला, शक्यतो ओहोटी चालू असेल असा दिवस निवडा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, ओहोटी पण तिकडेच, दोघं मिळून तुम्हाला बाहेर नेऊन सोडतात. हेच दुपारी केलं तर खारा वारा आत येतोय आणि पाणी बाहेर जातंय, तोंडाशी आखूड उभ्या लाटा आणि बोट घोड्यासारखी नाचते. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत ओहोटीबरोबर जलपर्णीचे अख्खे गालिचे वाहत येतात, त्यातून जायचं झालं तर न्यूट्रल टाकून जा, आणि बाहेर पडल्यावर गाळणी उघडून बघा.

खोल चॅनल वल्लारपाडमला जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा आहे, आपण त्याच्या कडेने, बोयांच्या जरासं बाहेरून. बाहेर पडल्यावर उजवीकडे पुथुवैपिनचं एलएनजी टर्मिनल, त्याच्यापासून लांब, आणि समुद्रात पुढे कच्चं तेल उतरवायचा एसपीएम (टँकर बांधायचा मोठा बोया) आहे, त्याच्याभोवती टँकर आणि टग असतात, चार्टवर मार्क करून ठेवा.

आता पुढचा दिवस कसा चालायचा, तर शाळेत भूगोलात शिकलो ते खारे वारे आणि मतलई वारे इथे अक्षरशः वेळापत्रकासारखे चालतात. मध्यरात्रीनंतर ते सकाळी नऊपर्यंत पूर्वेकडून मतलई. मग पडतो. बारा-एकला वायव्येकडून खारा सुरू, चारला जोरात, सूर्य बुडाला की विरतो. किनारा साधारण उत्तर-वायव्य जातो म्हणजे खारा वारा जवळजवळ नाकासमोर. म्हणून सकाळी मतलई असताना मुद्दाम थोडं समुद्राकडे सरकत सरकत वर जायचं, किनाऱ्यापासून आठ-दहा मैल. दुपारी खारा आला की वारा डावीकडून घेऊन सरळ उत्तरेला, म्हणजे हळूहळू जमिनीकडे. संध्याकाळी आपोआप किनाऱ्याजवळ. कोळी शिडाच्या होड्यांच्या जमान्यात याच वाऱ्यावर जायचे आणि याच वाऱ्यावर घरी यायचे. मी पहिल्या वेळी उलटं केलं, सकाळी किनाऱ्याला चिकटून गेलो, दुपारी वारा आल्यावर समुद्राकडे टॅक मारत (वाऱ्याविरुद्ध नागमोडी) बसलो, आणि संध्याकाळी जीपीएसवर बघितलं तर चार तासांत सात मैल.

जाळी हा या किनाऱ्याचा खरा विषय. दिवसा बोये दिसतात, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या, बांबूला काळा झेंडा. दोन झेंड्यांच्या मधे जाळं आहे की नाही हे ओळखायची माझी युक्ती अशी की वाऱ्याकडे नाही, होडीकडे बघा: माणूस उभा राहून हात हलवत असेल तर तो नमस्कार करत नाहीये. तो ज्या बाजूला हात दाखवतो तिकडून जा. रात्री ते टॉर्च मारतात, तसंच. ओलांडावंच लागलं तर काटकोनात, न्यूट्रलमधे, शिडाच्या किंवा आधीच्या वेगावर. प्रॉपेलरमधे अडकलं तर पुन्हा पुन्हा गिअर टाकून तोडायचा प्रयत्न करू नका, अजून गुंडाळतं. दातेरी सुरी, पोहायचा चष्मा आणि कमरेला दोरी. कापावं लागलं आणि जाळ्याचा मालक जवळ असेल तर पैसे द्या, ते त्याच्या घरचं जेवण असतं. एआयएसवर (आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) भरोसा ठेवू नका, छोट्या होड्यांवर तो नसतो.

बेपोरच्या अलीकडे पोन्नानी आहे, पण तोंड उथळ, म्हणून मी सरळ बेपोरच धरतो. बेपोरला चालियार नदीच्या काठी अजूनही लाकडी उरू बांधतात, आखाती देशांत गेलेल्या त्या मोठ्या गलबतांचं गाव. इथे नदीच्या तोंडाला वाळूचा पट्टा आहे, चढत्या भरतीला, उजेडात, एखाद्या ट्रॉलरच्या मागे मागे आत शिरा. उजाडताना कोची सोडलं तर इथे पोचायला रात्रीचे दहा-अकरा होतात, तेव्हा आत जायचा मोह टाळा. हवा शांत असेल तर बाहेर सात-आठ मीटरवर नांगर, नसेल तर पुढे चालत राहा. पुढे जाणार असाल तर वाटेत पय्योळीच्या समोर वेळ्ळियांकल्लूचा खडक आहे, समुद्रात एकटाच उभा, त्याला रात्री भरपूर जागा सोडा.

आम्ही बाहेर नांगर टाकला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पोचल्यावरचं काम त्याच क्रमाने: इंजिन बंद करायच्या आधी ग्लँड बघायचा, मग बिल्ज, मग डिझेल किती गेलं ते वहीत (४४ लिटर), मग घरी मेसेज. घरचा मेसेज झाल्यावर चेट्टनला फोन लावला, म्हटलं पोचलो. झोपेत होता बहुतेक, नाव सुद्धा विचारलं नाही त्याने, एकच शब्द म्हणाला,

"ग्लँड?"

म्हटलं, मिनिटाला चार थेंब.

"ओके, ओके," म्हणाला आणि फोन ठेवला.